धावण्याची सराव-नोंद

धावण्याची सराव-नोंद म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या धावपटूने आपल्या रोजच्या सरावाची व शर्यतींची ठेवलेली लेखी नोंद होय. ती साध्या वहीत ठेवली जाते किंवा मनगटी घड्याळाला जोडलेल्या मोबाईलमध्ये आपोआप साठते. नोकरी, शेती वा व्यवसाय सांभाळून धावणाऱ्या हौशी धावपटूंमध्ये ही नोंद सहसा एकट्यापुरती राहत नाही. सोबत धावणाऱ्यांना ती दाखवली जाते, तिच्यावर सल्ले दिले-घेतले जातात आणि शर्यतीनंतर सविस्तर वृत्तान्त सांगितला जातो. बहुतेक हौशी धावपटूंना प्रशिक्षक नसतो. त्याची उणीव काही अंशी या देवाणघेवाणीने भरून निघते. नोंद खरी असेल तरच हे शक्य होते.

स्वरूप

नोंदीत किमान अंतर आणि वेळ असते. या दोहोंवरून एक किलोमीटर धावण्यास लागलेली मिनिटे काढतात. धावपटू त्यास 'पेस' म्हणतात. याखेरीज सरावाचा प्रकार लिहिला जातो. सावकाश धाव, रविवारची लांब धाव, ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये विश्रांती घेण्याचा 'इंटरव्हल' आणि शर्यतीपूर्वी सराव कमी करण्याचा 'टेपर' हे नेहमीचे प्रकार आहेत. हृदयाचे ठोके, तापमान, झोप, प्यायलेले पाणी, बुटांनी कापलेले एकूण अंतर अशा बाबीही काहीजण नोंदवतात.

श्रमाची नोंद घेण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे धावपटूला स्वतःला जाणवलेला त्रास आकड्यात मांडणे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. पुढे ० ते १० अशी सोपी पट्टीही रूढ झाली. या आकड्याला धावण्याच्या मिनिटांनी गुणले की त्या दिवसाचा 'भार' मिळतो. एक तासाची हलकी धाव ३ गुणांची असेल तर भार १८० होतो. दोन तासांची लांब धाव ५ गुणांची असेल तर ६००. आठवड्याची बेरीज मांडली की केवळ किलोमीटर पाहून न कळणारी वाढ डोळ्यांत भरते. उन्हाळ्यात तेच अंतर, तोच वेग, पण जाणवलेला त्रास दुप्पट, ही बाब घड्याळाच्या नकाशावर दिसत नाही. वहीतील एका आकड्यात दिसते.

दुखण्याचा रकाना हा नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक वेळा रिकामा राहणारा रकाना होय. टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखते की धावताना, नडगीचे दुखणे एका बिंदूवर आहे की लांबवर पसरलेले, या तपशिलांवरून वैद्यास निदानाची दिशा मिळते. चारचौघांना दाखवायच्या नोंदीत मात्र अंतर ठळक अक्षरांत येते आणि दुखणे गळते.

इतिहास

महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्याची जुनी नोंद पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी निगडित आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे ग्रामीण धावपटू पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक पाठवण्याच्या प्रयत्नास चालना दिली. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी वेळ नोंदवून १९ वे आले. सदाशिव दातार यांनीही या शर्यतीत भाग घेतला होता.

चौगुले यांची वेळ आजच्या मॅरेथॉनच्या वेळांशेजारी ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय ठरतो. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे ऑलिंपिकमधील सर्वांत लांब मॅरेथॉनचा होता, ४२.१९५ किलोमीटर हे अंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९२१ मध्ये प्रमाण मानले. चौगुले यांचा वेग किलोमीटरला जवळपास ४ मिनिटे पडतो. त्याच वेगाने प्रमाण अंतर कापले असते तर वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद झाली असती. अंतर न लिहिता केवळ वेळ लिहिलेली नोंद कशी फसवते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

हौसेने, आरोग्यासाठी सावकाश धावण्याची आधुनिक चळवळ न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकारंभी प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने सुरू झाली आणि तेथून अमेरिकेत पोहोचली. सराव-नोंदीच्या चिकाटीचे टोक ब्रिटिश धावपटू रॉन हिल यांनी गाठले. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारे हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत एकही दिवस न चुकवता धावले. रोज किमान एक मैल हा त्यांचा दंडक होता. पायाच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांनी तो मोडला नाही. अखेरीस धावताना छातीत दुखू लागल्याने ते थांबले. हा विक्रम कौतुकास्पद असला तरी अनुकरणीय म्हणता येणार नाही, कारण विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच भाग आहे आणि नोंदीत तोही लिहायचा असतो.

महाराष्ट्रात हौशी धावपटूंसाठी मोठ्या शर्यती उशिरा आल्या. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराच्या दिशेने जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. मनगटी जीपीएस घड्याळे याच काळात सामान्य धावपटूच्या आवाक्यात आली आणि वहीची जागा हळूहळू यंत्राने घेतली.

शर्यतीचा वृत्तान्त

शर्यतीनंतर धावपटू किलोमीटरनिहाय जे कथन करतात, त्याचा उपयोग पुढच्या वर्षीच्या नवख्यांना होतो. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. नकाशावर तो किरकोळ दिसतो. वृत्तान्त ऐकलेला धावपटू मात्र त्याच्यासाठी शक्ती राखून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन व पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून होणाऱ्या, सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला महाराष्ट्रातून अनेक हौशी धावपटू जातात. तेथे १२ तासांची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. काही सेकंदांनी चुकलेल्यासही पदक मिळत नाही. एक वर्ष चढाच्या व दुसऱ्या वर्षी उताराच्या दिशेने धावण्याची तेथील रीत असल्याने आधी जाऊन आलेल्याचा अनुभव कोणत्या दिशेचा आहे, हे विचारून घ्यावे लागते.

वृत्तान्तांतून वारंवार येणारा विषय म्हणजे ३० किलोमीटरच्या आसपास येणारी 'भिंत'. स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा साठा संपत आल्याने पाय अचानक जड होतात. आरंभी वेग जास्त ठेवल्यास ही भिंत लवकर येते. पहिल्या व दुसऱ्या अर्ध्या टप्प्याच्या वेळा शेजारी मांडल्या की चूक कोठे झाली ते स्पष्ट होते.

वृत्तान्तांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. ते बहुधा शर्यत पूर्ण करणारेच सांगतात. अर्ध्यातून बाहेर पडलेला, रुग्णवाहिकेतून परतलेला धावपटू क्वचितच लिहितो. त्यामुळे 'मी गुडघा दुखत असूनही धावलो आणि काही झाले नाही' अशा कथनांचे प्रमाण वास्तवापेक्षा जास्त वाटते. शर्यत सोडून देण्याचा निर्णय कोणत्या किलोमीटरला, कोणत्या लक्षणांमुळे घेतला, हे सांगणारा वृत्तान्त दुर्मीळ असतो आणि म्हणूनच अधिक मोलाचा.

पाण्याविषयीचा सल्लाही असाच तपासून घ्यावा लागतो. 'जमेल तितके पाणी प्या' हा उपदेश पूर्वी सर्रास दिला जाई. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियमचे प्रमाण सामान्य पातळीखाली आढळले. धावताना वजन वाढणे, म्हणजे घामापेक्षा अधिक द्रव पिणे, याच्याशी त्याचा ठळक संबंध होता. लांब धावेच्या आधी व नंतर वजन करून नोंदवले की स्वतःची गरज कळते. वजन एक किलो घटले असेल तर सुमारे एक लिटर द्रव गेला, असा ढोबळ हिशेब आहे. वाटेत प्यायलेले पाणी त्यात मिळवायचे असते.

मराठवाड्यातील परिस्थिती

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या मोठ्या गावांतून पहाटे धावताना दिसणारे तरुण बव्हंशी पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारे असतात. पोलीस भरतीत पुरुषांस १६०० मीटर व महिलांस ८०० मीटर, तर राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. या तरुणांच्या वहीत अंतर कायम एकच असते आणि वेळ सेकंदांत लिहिलेली असते, कारण सेकंदावर गुण ठरतात. भरती झाली किंवा वयोमर्यादा उलटली की पुष्कळांचे धावणे थांबते. हौशी धावणे खरे तर तेथूनच सुरू होऊ शकते. पायाला सवय असते, पहाटे उठण्याची शिस्त असते. सावकाश धावण्याची कला तेवढी नव्याने शिकावी लागते. रोज पूर्ण वेगाने १६०० मीटर धावलेल्यास दहा किलोमीटर गप्पा मारत धावणे प्रथम कमीपणाचे वाटते. एक वाक्य सलग बोलता येईल इतकाच वेग, ही सावकाश धावेची जुनी कसोटी त्याच्या उपयोगी पडते.

या भागास दीर्घ पल्ल्याचे वावडे कधीच नव्हते. नवरात्रापूर्वी गावोगावची मंडळे तुळजापूरला जाऊन भवानी ज्योत पेटवून घेतात आणि तरुण ती आळीपाळीने हाती घेऊन धावत गावी नेतात. त्यांतील अनेकजण अनवाणी असतात. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांचा पल्ला सुमारे ४५ किलोमीटरचा, म्हणजे मॅरेथॉनहून थोडा जास्तच भरतो. यांपैकी कोणी वेळ लावत नाही की नोंद ठेवत नाही. श्रद्धेच्या वाटचालीस घड्याळ लावावे असेही नाही. मात्र ज्योतीबरोबर धावताना फोड कोठे आले, मध्यरात्री किती गारवा होता, गाडीमागे किती अंतर ठेवले, हे जुने-जाणते नव्यांना सांगतात, तेव्हा तो तोंडी वृत्तान्तच असतो.

मराठवाड्याने देशाला दीर्घ पल्ल्याचा अव्वल धावपटूही दिला आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २०२० च्या दिल्ली अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी १ तास ३० सेकंद हा राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांच्या अर्धमॅरेथॉनचा वेग किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद येतो. हौशी धावपटूने तो माहितीसाठी वाचावा, वहीत उतरवू नये.

येथील नोंदीत ऋतूला मोठे स्थान द्यावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीरास साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात वेग मंदावणे स्वाभाविक असते आणि मार्चमधील वेळ जानेवारीच्या वेळेशी ताडून खंतावण्यात अर्थ नसतो. धावताना थंडी वाजून येणे, घाम थांबणे, बोलणे अडखळणे किंवा दिशाभूल होणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी धाव तत्काळ थांबवून अंग गार पाण्याने भिजवावे व रुग्णालय गाठावे लागते. हिवाळ्यातील धोका वेगळा आहे. गाळप हंगामात अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागे परावर्तक पट्टी नसते. समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, फिकट कपड्यांत धावणे हिताचे. कोणत्या फाट्यावर कुत्री अंगावर येतात, कोठे साइडपट्टी खचली आहे, ही माहिती शहरी धावपटूच्या नोंदीत नसते. येथे ती पेसपेक्षा जास्त कामाची ठरते.

वाढीचा नियम

आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावपटूंमध्ये वेदवाक्यासारखा सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र हा नियम पाळणारा गट आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणारा गट यांच्यात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखे, दोन्हीकडे सुमारे पाचात एक, आढळले. याचा अर्थ वाढ कशीही करावी असा होत नाही. आठवड्याला ८ किलोमीटर धावणाऱ्यास दहा टक्के फार थोडे आणि ७० किलोमीटर धावणाऱ्यास कदाचित जास्त, एवढेच यातून सुचते. मागील दुखापतीपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांची स्वतःची नोंद वाचणे हे कोणत्याही सर्वसाधारण टक्केवारीपेक्षा भरवशाचे असते.

अचूकता आणि खासगीपणा

शर्यतीचा प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या गणकयंत्राने, धावता येईल अशा सर्वांत आखूड रेषेवरून मोजतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. धावपटू वळणांवर बाहेरून धावतो, शिवाय घड्याळाचीही चूक असते. त्यामुळे घड्याळ ४२.५ किलोमीटर दाखवते आणि आयोजकांनी अंतर चुकवले अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. बहुतेकदा ती निराधार असते.

घड्याळातून आपोआप सार्वजनिक होणाऱ्या नोंदीत धावण्याचा आरंभबिंदू, वेळ आणि नेहमीचा मार्ग उघड होतो. एका कंपनीने प्रसिद्ध केलेल्या जागतिक धाव-नकाशावरून लष्करी तळांच्या जागा ओळखता येतात, हे २०१८ मध्ये उघडकीस आले होते. एकट्याने पहाटे धावणाऱ्या महिलेसाठी हा धोका अधिक निकटचा आहे. घरापासूनचा काही शे मीटरचा भाग लपवण्याची आणि नोंद ओळखीच्यांपुरती ठेवण्याची सोय अशा बहुतेक सेवांत असते, पण ती स्वतः निवडावी लागते.

दुसऱ्याच्या बिबवर धावून वेळ नोंदवण्याचा प्रकारही आढळतो. बिबमागे आपत्कालीन संपर्क व वैद्यकीय माहिती भरायची जागा असते. धावपटू कोसळल्यास वैद्यकीय पथक तीच माहिती त्याची समजते.