शिर्डीत दोन रात्रींचा पाहुणा तीन महिने राहिला तर? करार का हवाच, वाचा

शिर्डीत खोली सहसा दर्शनापुरती, एक-दोन रात्रींसाठी दिली जाते. पण काकडीच्या विमानतळावर कामाला आलेला कुणी ‘तीन महिने राहतो’ म्हणाला, की मालक खूश! रोज चादरी बदलायला नकोत. गडबड इथेच होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य. व्हॉट्सअॅपवरचे ‘ओके’ पुरत नाही. करार असेल आणि मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुप्पट दराने भरपाई मागता येते.