आधी सौदा, मग सरकारी पैसा

टीव्ही मालिका बनवायला सरकार पैसा देते, असे सांगितले तर आपल्या बाजारात कोणी विश्वास ठेवणार नाही. पण कॅनडात ही रीतसर व्यवस्था आहे. तेथील टेलिव्हिजन फंड व न्यू मीडिया फंड एकत्र करून २०१० साली 'कॅनडा मीडिया फंड' सुरू झाला. त्यात सरकारचा पैसा येतो, तसाच केबल व उपग्रह कंपन्यांचाही.

मालिकांसाठी तेव्हा ठेवलेली मुख्य अट आम्हा कापडवाल्यांच्या चांगली ओळखीची आहे. नुसत्या कल्पनेवर पैसा नाही. एखाद्या वाहिनीने प्रसारणाचे हक्क ठरावीक रकमेला घेतल्याचा करार निर्मात्याने आधी दाखवायचा. म्हणजे पक्की ऑर्डर असेल तरच सूत उधार! फंड त्या रकमेत भर घालतो किंवा भागीदार होऊन उत्पन्नात हिस्सा घेतो.

हा पैसा कॅनडाच्या निर्मात्यांसाठीच आहे. धडा मात्र सर्वांसाठी आहे. मालेगावच्या यंत्रमाग वस्तीतील पोरांनी हौसेने सिनेमे काढले, त्यांच्यावर २००८ साली माहितीपटही झाला. हुनर आपल्याकडे आहेच. आता खर्चाचा अंदाज, हक्काचे कागद आणि गिऱ्हाईकाशी लेखी करार, ही तयारी हवी. कागद कच्चा राहिला, तर मेहनत आपली आणि माल दुसऱ्याचा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.