सीसीटीव्हीचा पडदा : निवड आणि मांडणी

बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या पार्श्वभूमीवर, २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने राज्यातील शाळांना सीसीटीव्ही कॅमेरे बंधनकारक केले आणि आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर सोपविली. तपासणी म्हटली की पाहणे आले आणि पाहणे व्हायचे ते मॉनिटरवर. खरेदीच्या वेळी मात्र सारा विचार कॅमेऱ्यांच्या संख्येचा होतो. मॉनिटर उरलेल्या रकमेत, कधी कधी जुन्या दूरचित्रवाणी संचावरच भागविला जातो.

एका पडद्यावर किती चित्रे मांडावीत, हा यातील कळीचा प्रश्न होय. सर्वसाधारण मॉनिटरवर आडवे १,९२० चित्रबिंदू असतात. त्यावर सोळा कॅमेऱ्यांची चित्रे एकदम लावली की प्रत्येकाच्या वाट्याला आडवे ४८० बिंदूच येतात. फाटकावरील कॅमेरा आठ मीटर रुंदीचा भाग टिपत असेल, तर मीटरमागे ६० बिंदू झाले. आंतरराष्ट्रीय मानकानुसार परिचित व्यक्ती ओळखण्यास मीटरमागे १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख निश्चित करण्यास २५० बिंदू लागतात. म्हणजे सोळा चौकटींत कोणीतरी आत आले एवढेच कळेल. कोण आले, ते कळणार नाही. चार चौकटी केल्यास हाच आकडा १२० वर जातो. म्हणून फाटक, स्वच्छतागृहाबाहेरील वाट, जिना अशा मोजक्या जागा मोठ्या चौकटीत ठेवाव्यात, बाकीच्या आळीपाळीने पाहाव्यात. महागडा पडदा घेतल्याने कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील दिसू लागत नाही, हेही ध्यानात असावे.

दूरचित्रवाणी संच वापरण्यास हरकत नाही. परंतु अनेक संच चित्राच्या कडा थोड्या कापतात आणि दिनांक व वेळ नेमकी कडेलाच असते. संचाच्या मांडणीत हे कापणे बंद करावे. भडक रंगांची योजनाही टाळावी, कारण तीत सावलीतील माणूस काळोखात बुडून जातो. रेकॉर्डरमधून बाहेर पडणाऱ्या चित्राचे मोजमाप पडद्याच्या मूळ मोजमापाइतकेच ठेवावे. दिवसरात्र चालवायचा असल्यास तशा वापरासाठी बनविलेलाच मॉनिटर घ्यावा.

खिडकीसमोर ठेवलेल्या पडद्यात खिडकीच दिसते! तो खिडकीला काटकोनात, वरची कड बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत येईल असा ठेवावा. भेटीस येणाऱ्यांना मात्र तो दिसता कामा नये. मुलांची चित्रे ही काही कार्यालयाची शोभा नव्हे.

शिपायाला दिवसभर पडद्यासमोर बसविण्याची प्रथाही फारशी उपयोगी नाही. अमेरिकेच्या न्याय विभागासाठी १९९९ साली तयार झालेल्या, शाळांच्या सुरक्षेविषयीच्या मार्गदर्शिकेत असे नमूद आहे की, वीस मिनिटांतच बहुतेकांचे लक्ष समाधानकारक पातळीच्या पुष्कळ खाली जाते. शाळा भरताना, मधल्या सुटीत आणि सुटताना थोडा थोडा वेळ पाहणे अधिक फलदायी ठरते.

मांडणी झाली की एका शिक्षकाने संध्याकाळच्या अंधुक उजेडात फाटकातून चालत यावे आणि दुसऱ्याने मॉनिटरसमोरील नेहमीच्या खुर्चीत बसून त्यांना ओळखून पाहावे. चौकट मोठी करूनही ओळख पटत नसेल, तर फाटकावर दिवा लावावा किंवा कॅमेरा जवळ आणावा.