बिजागरीला मोटर बसवताना

दाराला बिजागरी कशासाठी असते, असे वर्गात विचारले तर ‘दार फिरावे म्हणून’ असे उत्तर येते. ते खरे आहे, पण अर्धेच. मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हालता येते : तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. बिजागरी यांपैकी पाच हालचाली अडवते आणि एकच, स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याची, शिल्लक ठेवते.

संगणकावर यंत्रमानवाची किंवा खेळाची प्रतिकृती करणारे अशाच बिजागऱ्या वापरतात. वस्तूंचे वस्तुमान, आकार आणि त्यांना जोडणारे सांधे ही माहिती घेऊन, न्यूटनच्या नियमांनुसार त्या वस्तू क्षणाक्षणाला कुठे असतील हे काढणाऱ्या प्रोग्रामला भौतिकी इंजिन म्हणतात. रसेल स्मिथ यांचे ‘ओपन डायनॅमिक्स इंजिन’ हे त्यांपैकी एक. २००१ साली सुरू झालेले हे इंजिन मोफत वापरता येते. त्यातल्या मोटर लावलेल्या बिजागरीचे उदाहरण आपण घेऊ. बल आणि वेग यांतला फरक विद्यार्थ्यांना कितपत उमगला आहे, हे त्यातून चांगले कळते.

आधी बिजागरी बसवायची. त्यासाठी तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणत्या दोन वस्तू जोडायच्या, कोणत्या बिंदूत जोडायच्या आणि अक्ष कोणत्या दिशेला. चौकट हलत नसल्यामुळे दार सरळ स्थिर जगाला जोडले तरी चालते. बिजागरी बसवताना दार ज्या स्थितीत असेल तो शून्य अंशाचा कोन धरला जातो. म्हणून ती दार बंद ठेवूनच बसवावी.

आता मोटर. तिला दोन आकडे द्यायचे असतात : हवा असलेला कोनीय वेग आणि जास्तीत जास्त बलाघूर्ण, म्हणजेच टॉर्क. फक्त वेग दिला तर दार जागचे हलत नाही, कारण दुसरा आकडा न दिल्यास तो शून्य धरला जातो आणि मोटर बंदच राहते. वेग ही आपली मागणी. कमाल बलाघूर्ण ही मोटरची ऐपत. प्रत्येक पायरीला इंजिन हिशेब करते, की मागितलेला वेग या पायरीअखेर गाठायला किती बलाघूर्ण लागेल. ते ऐपतीत असेल तर तेवढेच लावले जाते. नसेल तर ऐपतीइतके लावून उरलेले काम पुढच्या पायरीवर ढकलले जाते.

आकडे घालून पाहू. दार २० किलोग्रॅमचे, रुंदी ०.८ मीटर. कडेच्या अक्षाभोवती त्याचे जडत्व आघूर्ण, वस्तुमान गुणिले रुंदीचा वर्ग भागिले ३, म्हणजे सुमारे ४.२७ किलोग्रॅम-मीटर वर्ग. सेकंदाला १ रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश, असा वेग मागितला आणि पायरी १/६० सेकंदाची ठेवली, तर एका पायरीत तो गाठायला २५६ न्यूटन-मीटर लागतील. कमाल बलाघूर्ण ४ न्यूटन-मीटर ठेवले तर तोच वेग गाठायला १ सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि तोवर दार सुमारे ३० अंश उघडलेले असते. हे दार खऱ्या दारासारखे वाटते. पहिले मात्र झटक्याने उडाल्यासारखे दिसते.

वेग गाठल्यावर मोटर किती बलाघूर्ण लावते? ‘४ न्यूटन-मीटर’ असे उत्तर आले तर तिथे थांबावे. घर्षण आणि वारा नसेल तर उत्तर शून्य आहे. वेग टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागते. न्यूटनचा पहिला नियम पाठ असलेली मुलेही इथे अडखळू शकतात.

मग कमाल आकडा खूप मोठा ठेवला तर बिघडले कुठे? वाटेत खोके आले तरी दार त्याला भिंतीत चेपू पाहते. खोके भिंतीत शिरू नये आणि दार थांबू नये, या दोन अटी एकदम पाळता येत नाहीत आणि वस्तू थरथरू किंवा एकमेकींत घुसू लागतात. खऱ्या मोटरला मर्यादा असते. ती नकलेतही हवी.

उलट, वेग शून्य मागून बलाघूर्ण थोडेसेच ठेवले, तर तीच मोटर गंजलेल्या बिजागरीतल्या घर्षणाचे काम करते. दार कुठपर्यंत उघडावे याच्या सीमाही घालता येतात, पण कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. ९० अंशांसाठी १.५७ असे लिहावे. ९० लिहिले तर तो आकडा पायपेक्षा मोठा असल्याने सीमा लागूच होत नाही.

वर्गासाठी एक प्रश्न. १ मीटर लांबीची, २ किलोग्रॅमची एकसारखी दांडी वरच्या टोकाला आडव्या अक्षाच्या बिजागरीवर लोंबते आहे. मोटरला सेकंदाला ०.१ रेडियन वेग आणि ५ न्यूटन-मीटर बलाघूर्ण दिले. दांडी आडवी धरायला ९.८ न्यूटन-मीटर लागतात, म्हणून ती सुमारे ३० अंश चढून अडते. आता वेगाची मागणी दुप्पट केली तर ती आणखी वर जाईल का? संगणक सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उत्तर कारणासह वहीत लिहावे.