डिजिटल युगातील राजनय आणि नागरिक : बिदर-कलबुर्गीच्या संदर्भात

दोन राज्यांमधील संबंध वाटाघाटी व पत्रव्यवहाराने सांभाळणे म्हणजे राजनय होय. बिदरला त्याची जुनी परंपरा आहे. बहमनी राज्याचे वजीर महमूद गावान यांनी पंधराव्या शतकात लिहिलेली फारसी पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या संग्रहात आहेत. त्यांत उस्मानी सुलतानाला पाठविलेली पत्रेही आढळतात. मात्र हा व्यवहार दरबारापुरता मर्यादित होता. सामान्य रयतेला त्यात स्थान नव्हते.

डिजिटल तंत्रज्ञानाने ही स्थिती बदलली आहे. २०२३ च्या अखेरीस यूट्यूबवरून रशियातील नोकऱ्यांचा प्रचार झाला. त्याला भुलून कलबुर्गी जिल्ह्यातील काही तरुण तिकडे गेले आणि युक्रेन युद्धाच्या आघाडीजवळ पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या गटातील एकाने मोबाईलवर चित्रित केलेली सुटकेची याचना देशभर पोहोचली. कुटुंबीयांनी व लोकप्रतिनिधींनी सरकारकडे पाठपुरावा केला. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने दलालांविरुद्ध गुन्हा नोंदविला. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्को येथे हा प्रश्न मांडला आणि सप्टेंबरमध्ये कलबुर्गीचे तरुण परतले. सर्वांचे नशीब असे नव्हते. परराष्ट्र मंत्रालयाच्या जानेवारी २०२५ मधील माहितीनुसार अशा १२६ भारतीयांपैकी ९६ परत आले होते, तर १२ मृत्युमुखी पडले होते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्या मोबाईलने फसविले, त्यानेच दाद मागण्याचा मार्गही दिला. परंतु चित्रफितीमुळे केवळ प्रश्न ऐरणीवर आला. प्रत्यक्ष सुटकेला सुमारे सात महिने लागले, कारण ती दोन सरकारांच्या सहमतीवरच अवलंबून होती.

म्हणून संकटापूर्वीची दक्षता अधिक मोलाची ठरते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे. ही नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. परदेशातील अडचणींची तक्रार २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर नोंदविता येते व तिचा पाठपुरावाही करता येतो.

येथे अध्यापकांची भूमिका महत्त्वाची आहे. एजंटाची नोंदणी तपासणे, न समजणाऱ्या भाषेतील करारावर सही न करणे आणि मुद्देसूद तक्रार-अर्ज लिहिणे, हे भाषेच्या तासालाही शिकविता येईल. आखाती देशांत नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्याला हे पत्रलेखन परीक्षेतील गुणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.