कंटाळा मालिकेचा की झोपेचा?

२ जानेवारी २०२५. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतली पाचवी आणि शेवटची कसोटी दुसऱ्या दिवशी सिडनीत सुरू व्हायची होती. संध्याकाळी दवाखान्यात एक ओळखीचे काका आले. वय ६८, नोकरीतून निवृत्त. काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. क्रिकेटचे वेड असे की ऑस्ट्रेलियातले सामने रेडिओला कान लावून ऐकण्याच्या दिवसांपासून त्यांनी एकही दौरा चुकवलेला नाही.

खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, काहीतरी बिघडलंय. ऑस्ट्रेलियाशी सामना म्हटलं की पूर्वी आदल्या रात्री झोप यायची नाही. आता उद्या सामना आहे आणि मला पहाटे उठावंसंच वाटत नाही. वय झालं म्हणायचं, की क्रिकेटचाच कंटाळा आला?’’

त्यांचा रक्तदाब एरवी १३०च्या आसपास असतो. त्या दिवशी तो १५८/९६ निघाला.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. पुन्हा पुन्हा समोरासमोर येणाऱ्या दोन संघांच्या मालिकेआधी अनेक चाहत्यांच्या मनात उत्सुकता आणि थकवा एकाच वेळी असतात. या थकव्याला आपण सरसकट ‘कंटाळा’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक मेंदूच्या सरावण्याची, ती निरुपद्रवी असते. दुसरी शरीराच्या दमणुकीची, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

गजराआधीची जाग

आधी उत्सुकतेबद्दल. पाचचा सामना असला की गजर व्हायच्या आधीच जाग येते, हा अनुभव अनेकांना असेल. हा निव्वळ योगायोग नसतो. जर्मनीतले संशोधक यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्वयंसेवकांना झोपण्यापूर्वी सांगितले की तुम्हाला सकाळी सहाला उठवू. काही वेळा सांगितले की नऊला उठवू. सहाला उठायचे आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या रक्तात शरीराला जागे होण्यासाठी तयार करणारे एसीटीएच हे संप्रेरक साधारण तासभर आधीपासून वाढू लागले. नऊ वाजता उठवू असे सांगून ज्यांना अचानक सहाला उठवले, त्यांच्यात ही आगाऊ वाढ दिसली नाही. म्हणजे माणूस गाढ झोपेत असला तरी त्याचे शरीर वाट बघत असते.

मेंदूही वाट बघतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. आधी एक खूण, मग फळाच्या रसाचा थेंब, असा क्रम माकडांना शिकवला. सुरुवातीला रस मिळताच डोपामाइनच्या पेशी उत्तेजित होत. क्रम पाठ झाल्यावर त्या खूण दिसतानाच उत्तेजित होऊ लागल्या, आणि ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाचे त्यांना काहीच वाटेनासे झाले. डोपामाइनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत आहे. पण या पेशी खरे तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. जे अगदी अपेक्षेप्रमाणे घडते, त्याची त्या दखल घेत नाहीत.

सरावलेला मेंदू

आता थकव्याचा पहिला प्रकार. उदबत्तीचा वास खोलीत शिरताना जाणवतो, दहा मिनिटांनी जाणवत नाही. रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्याला रहदारीचा आवाज ऐकू येईनासा होतो. तेच ते पुन्हा पुन्हा समोर आले की मेंदूचा प्रतिसाद कमी होत जातो. यालाच सरावणे म्हणतात. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी १९६६ साली त्याची लक्षणे नीट मांडली. त्यातली दोन आपल्या कामाची आहेत. मध्ये पुरेसा खंड पडला की प्रतिसाद आपोआप परत येतो. आणि मध्येच काही वेगळे घडले, तरी तो जागा होतो. म्हणजे सरावलेला मेंदू थकलेला नसतो. ‘हे मला माहीत आहे’ असे म्हणून त्याने लक्ष दुसरीकडे वळवलेले असते.

हा खंडच आता उरलेला नाही. १९९२च्या फेब्रुवारीत पर्थला सचिन तेंडुलकरने ११४ धावा केल्या, त्या दौऱ्यानंतर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी पुन्हा पाहायला मिळाली ती थेट ऑक्टोबर १९९६मध्ये, दिल्लीत. त्या एका कसोटीपासून बॉर्डर-गावस्कर करंडक सुरू झाला. साडेचार वर्षे वाट पाहिलेली होती. आता २०२३ साल आठवून पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात चार कसोटी, लगेच एकदिवसीय मालिका, जूनमध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाची चेन्नईतली लढत, १९ नोव्हेंबरला अहमदाबादचा अंतिम सामना. त्या पराभवाची हळहळ ओसरण्याआधीच, चौथ्या दिवशी, विशाखापट्टणममध्ये याच दोन देशांची ट्वेंटी-२० मालिका सुरू झाली. अशा वेळी उत्साह ओसरला तर त्यात चाहत्याचा दोष नाही आणि त्याचे प्रेमही आटलेले नसते.

त्याच वर्गातले आणखी एक उदाहरण श्रीलंकेचे. २०१७च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारताने तिथे जाऊन तीन कसोटी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये तोच संघ पुन्हा तीन कसोटींसाठी भारतात आला. ‘परत हेच?’ असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. पण कोलकात्याच्या ढगाळ हवेत पहिल्या दिवशी सुरंगा लकमलने सहा षटके टाकली, एकही धाव दिली नाही आणि तीन गडी बाद केले. टीव्ही बंद करायला निघालेली माणसे पुन्हा बसली. थॉम्पसन आणि स्पेन्सर यांनी सांगितलेले दुसरे लक्षण ते हेच.

निकाल ठाऊक नसण्याची गंमत

पण नुसत्या पुनरावृत्तीनेच उत्साह संपत असता, तर मेलबर्नचे मैदान ओस पडले असते. डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या कसोटीला पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ प्रेक्षक आले. ऑस्ट्रेलियात कोणत्याही कसोटीला एवढी गर्दी आजवर झाली नव्हती. नाताळच्या सुट्टीचा आणि तिथल्या भारतीयांचा त्यात वाटा होताच. पण त्या वेळी मालिका १-१ अशी अडलेली होती, हेही विसरता येत नाही.

शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ साली दाखवले की खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या काळात डोपामाइन पेशींची चढती हालचाल सर्वात जास्त असते ती रस मिळण्याची शक्यता निम्मी असताना. मिळणारच किंवा मिळणारच नाही, हे ठाऊक असेल तर ती हालचाल मावळते. माकडाच्या मेंदूतल्या पेशींवरून थेट लाखभर प्रेक्षकांवर उडी मारू नये. तरीही चाहत्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. जुन्या प्रतिस्पर्ध्याचा कंटाळा येत नाही, आधीच ठरल्यासारख्या वाटणाऱ्या निकालाचा येतो.

झोपेची उधारी

काकांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नव्हते. मी त्यांना दिनक्रम विचारला. भारतीय वेळेनुसार ब्रिस्बेनची कसोटी ५.५०ला सुरू झाली होती आणि मेलबर्नची ५ वाजता. दोन्ही पाच-पाच दिवस चालल्या. काका रोज पहाटे साडेचारला उठत होते. पण झोपत होते रात्री बारालाच, कारण दिवसभराच्या खेळावरच्या चर्चा आणि दुसऱ्या दिवसाचे अंदाज मोबाइलवर पाहणे चालू असे.

म्हणजे रोज साडेचार तास झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. शिवाय ज्या झोपेत स्वप्ने पडतात आणि भावनांचा निचरा व्हायला मदत होते, ती ‘आरईएम’ झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पहाटेचा गजर नेमका तिच्यावर येतो. चिडचिड आणि निरुत्साह वाढतो, त्यामागे हेही एक कारण असते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली झालेल्या अभ्यासात रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची दोन आठवडे चाचणी घेतली. अखेरीस त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. विशेष म्हणजे आपण इतके मागे पडलो आहोत, हे त्यांचे त्यांनाच फारसे जाणवत नव्हते. काकांचेही तसेच झाले होते. शरीर झोप मागत होते आणि काका त्याला क्रिकेटचा कंटाळा म्हणत होते.

हृदयावरचा ताण

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. काका रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर घेत. सामन्याच्या दिवसांत न्याहारी पुढे ढकलली जाई आणि गोळी राहून जाई. मेलबर्नच्या पाचव्या दिवशी शेवटच्या सत्रात भारताचे सात गडी ३४ धावांत गेले, तेव्हा काका गोळीविना, उपाशीपोटी, चौथा चहा घेत टीव्हीसमोर बसले होते.

२००६च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट होते, स्त्रियांत १.८२ पट. आधीच हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता. आणि संघ जिंकला की हरला यापेक्षा सामना किती ताणला गेला, हे महत्त्वाचे ठरले. सगळ्याच अभ्यासांत परिणाम इतका मोठा दिसलेला नाही आणि निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. पण हृदयविकाराचे झटके मुळातच सकाळच्या वेळी जास्त येतात. तेव्हा अपुरी झोप, चुकलेली गोळी आणि शेवटच्या सत्रातली घालमेल यांची गाठ पडू देऊ नये.

एवढे करा

पहाटेचा सामना पाहायचाच असेल तर आदल्या रात्री दहापर्यंत झोपा. सामन्याआधीची चर्चा ही झोपेच्या किमतीएवढी मोलाची नसते.

पाचही दिवस पहिल्या चेंडूपासून पाहण्याचा हट्ट सोडा. एखादे सत्र किंवा एखादा दिवस मुद्दाम चुकवा. तो खंड उत्सुकतेसाठीही चांगला.

औषधांची वेळ खेळाला बांधू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला बांधा. दर तासाला उठून चार पावले चाला.

दुपारी डुलकी घ्यायची तर वीस-तीस मिनिटे पुरे, तीही तीनच्या आत.

छातीत दाब, धाप, घाम किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ जाणवली तर षटक संपण्याचीही वाट पाहू नका. १०८ला फोन करा.

आणि एक महत्त्वाचे. क्रिकेटचा कंटाळा आला पण नातवंडे, गाणे, फिरणे यांत मन रमत असेल तर काळजी नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर तो मालिकेचा कंटाळा नाही. ते नैराश्याचे लक्षण असू शकते. डॉक्टरांशी बोला.

काकांना मी सांगितले, ‘‘उद्या पहाटे उठू नका. साडेसहाला उठा, गोळी घ्या, पोहे खा आणि मग टीव्ही लावा. सामना कुठे जात नाही.’’ त्यांना ते फारसे रुचले नाही, पण त्यांनी ऐकले.

३ जानेवारीला दुपारी त्यांचा फोन आला. सिडनीत पहिल्या दिवसाचा खेळ नुकताच संपला होता. कोन्स्टास आणि बुमराह यांची शाब्दिक चकमक झाली होती आणि दिवसाच्या अगदी शेवटच्या चेंडूवर बुमराहने ख्वाजाला बाद केले होते.

‘‘डॉक्टर, शेवटचा चेंडू बघितलात का?’’ आवाजात कंटाळ्याचा मागमूस नव्हता.

‘‘बघितला, काका. गोळी घेतलीत का?’’

‘‘घेतली हो. आणि आठ तास झोपलोसुद्धा.’’