एका बनावट दस्तऐवजाची कुळकथा

सिल्वासा येथील आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने आम्हांस मध्यंतरी एक मजकूर आणून दाखविला. ज्यू समाजातील वडीलधाऱ्यांनी साऱ्या जगावर सत्ता गाजविण्याचा गुप्त कट रचला असून त्यांच्या बैठकींचे हे इतिवृत्त होय, असा त्यात दावा होता. “सर, हे पुस्तकात छापलेले आहे, मग खोटे कसे असेल?” असा त्याचा प्रश्न. प्रश्न भाबडा खरा, परंतु त्याचे उत्तर देणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे.

‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ या नावाने कुप्रसिद्ध असलेला हा मजकूर प्रथम १९०३ मध्ये रशियातील ‘झ्नाम्या’ या वृत्तपत्रात छापला गेला. १९०५ मध्ये सर्गेई निलुस याने तो आपल्या ग्रंथात घेतला. पुढे १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज याने त्याचे बिंग फोडले. त्याने केले ते इतकेच की, दोन पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहिली. दुसरे पुस्तक होते मोरिस जोली या फ्रेंच लेखकाचे. १८६४ मधील या उपरोधिक संवादात मॅकिआव्हेली आणि माँतेस्क्यू नरकात वाद घालतात. त्याचा रोख तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर होता. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूसही नाही. मॅकिआव्हेलीच्या तोंडची वाक्ये उचलून ती ज्यूंच्या तोंडी घातली गेली होती.

ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून एकनाथांनी १५८४ मध्ये पाठशुद्धी केली, ही परंपरा आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की, तेथे शोध मूळ शुद्ध पाठाचा होता, येथे चोरीचा.

१९३५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील न्यायालयानेही हा मजकूर बनावट व चोरीचा ठरविला. १९३७ मध्ये वरच्या न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर आरोपींना सोडले खरे, परंतु मजकूर अस्सल आहे असे म्हटले नाही. तथापि हिटलरने उलटाच तर्क लढविला: ज्यू हा मजकूर खोटा म्हणतात, यावरूनच तो खरा ठरतो! कटाच्या साऱ्या कल्पित कथांची हीच मेख आहे. पुरावा मिळाला तर कट सिद्ध. न मिळाला तर तो लपविला, म्हणूनही सिद्ध. ज्या विधानाला कोणताही पुरावा खोटे ठरवू शकत नाही, ते ज्ञान नव्हे. या अपप्रचाराने पोसलेल्या द्वेषाची परिणती सुमारे ६० लक्ष ज्यूंच्या हत्येत झाली.

हा द्वेष अर्थातच या कागदाहून जुना आहे. आमचा प्रदेश १९५४ पर्यंत ज्या पोर्तुगीज सत्तेखाली होता, तिच्याच अमलात गोव्यामध्ये वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या अस्थी १५८० मध्ये उकरून जाळण्यात आल्या. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा ठपका त्याच्यावर मरणोत्तर ठेवला होता.

मराठी माणसाला मात्र ज्यू ओळखण्यासाठी अशा कागदाची गरज नाही. कोकणातील बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहिमकर, दिवेकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे कोकणच्या गावांचीच आहेत, आणि घरची भाषा मराठी.

त्या विद्यार्थ्यास आम्ही उत्तर दिले नाही. दोन उतारे शेजारी ठेवून वाचावयास सांगितले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “सर, ही तर नक्कल आहे.” परीक्षेत नक्कल ओळखणाऱ्या आपण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना इतिहासातील नक्कलही ओळखावयास शिकविले पाहिजे.